पानाच्या डोक्यावरची ओळ

दुकानदारानं घागर फडक्यानं पुसून पुढं धरली आणि संयोगिताचं बोट न सांगता घागरीच्या पोटावर गेलं. उजव्या हाताचं मधलं बोट. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळलं की पोचा आहे. तीन बोटं रुंद, नखावरच्या चंद्राइतका खोल. भावाच्या मुलीचं बारसं गुरुवारी आजऱ्याला होतं. आत्यानं तांब्याची घागर आणायची, असं आईनं फोनवर दोनदा बजावलं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी सव्वादहाला ती महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत उभी होती, अंबाबाईला चाललेल्या बायकांच्या ओच्यातल्या ओटीचा, ओल्या नारळाचा वास घेत. तिनं पोचा दाखवल्यावर दुकानदार हसला. "पोचा न्हवं ताई, हात लागलाय नुसता," म्हणत त्यानं कोपरापर्यंत हात घागरीत घातला, आतून चाचपलं, आणि त्याचं हसणं तिथंच राहिलं. घागर बाजूला ठेवत तो म्हणाला, "आतनं जास्त बसलाय की. जुनी घागर आसती तर एवढ्यानं काय व्हायचं न्हाय. ह्यो नवा माल हाय, पत्रा पातळ येतोय. जुनीला चालतंय ते नवीला चालत न्हाय. थांबा, दुसरी काढतो." आणि तो शिडीवर चढला.

शिडीचा पाय फरशीवर कर्रकन घासला. संयोगिताला तो आवाज आधी ऐकल्यासारखा वाटला. नवीला चालत नाही. दुकानातला पंखा फिरत होता, टांगलेल्या कळश्या एकमेकींना लागून हलका किणकिणाट करत होत्या. तिच्या छातीत मात्र काहीतरी सुटून खाली गेलं, खोल आडात पोहरा सुटावा तसं, आणि तळाला लागल्याचा आवाज काही येईना. लिमा. लिमा नवं आहे.

उजळाईवाडीच्या विमानतळाला लागून पोरांना विमान चालवायला शिकवणारी एक संस्था होती. तिची चार लहान विमानं. त्यांना त्यांच्या नंबरातल्या शेवटच्या अक्षरावरून हाक मारायची पद्धत होती, गोठ्यातल्या गाईंना मारावी तशी. तीन जुनी आणि एक लिमा, म्हणजे एल अक्षराचं, गेल्या साली आलेलं, पांढरंशुभ्र. विमान उडायला योग्य आहे असं लिहून खाली सही करायची ती संयोगितानं. नऊ वर्षं तिची सही झाल्याशिवाय तिथलं चाक हललं नव्हतं. बारा दिवसांपूर्वी लिमाला हँगरात, विमानांच्या शेडमध्ये, मागं ढकलत असताना त्याच्या शेपटीचा उजवा आडवा पंख लोखंडी शिडीला लागला. शिडी अशीच कर्रकन सरकली होती. पंखाच्या पुढच्या कडेला पोचा पडला. तिनं बोट फिरवलं, मोजपट्टी लावली, खोली मोजली, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळीपासूनचं अंतर मोजलं. तीन मिलीमीटरच्या आत. चालतंय. महांतेश जवळ उभा होता, तिच्या हाताखालचा तंत्रज्ञ, गडहिंग्लजच्याही पलीकडचा, घरात कानडी बोलणारा आणि तिला अक्का म्हणणारा. "पान उघडू काय अक्का?" त्यानं विचारलं होतं. वीज गेली होती, मॅन्युअलचा संगणक बंद होता. बाहेर उन्हात स्वप्नाली, वडगावच्या दूधवाल्यांची पोर, गळ्यात हेडफोन अडकवून लिमाची वाट बघत उभी होती. संयोगिता म्हणाली, "कशाला? पाठ हाय मला." आणि लॉगबुकात तिनं प्रकरणाचा आकडा, पानाचा आकडा, दोन्ही न अडखळता लिहिले. खाली सही.

पाठ होतंच. पाठ असण्याचा तिला केवढा अभिमान. तिच्या आधी तिथं सही करणाऱ्या आकाराम सरांनी निवृत्त होताना तिला एक वही दिली होती, हिरव्या पुठ्ठ्याची, वंगणाच्या बोटांनी कडा काळ्या झालेली. कुठल्या पत्र्याला किती ओरखडा चालतो, कुठला नट किती आवळायचा, कुठल्या तारेचे किती धागे तुटले की ती फेकायची, असं सगळं सरांनी मॅन्युअलमधून बारीक अक्षरात उतरवलेलं. देताना ते म्हणाले होते, "वही यष्टीत बसून वाचायला, पोरी. सही मारताना पान उघडायचं. पान बदलतंय, वही बदलत न्हाय." पण नऊ वर्षांत तिनं शंभरदा वही आणि पान ताडून बघितलं, आणि शंभरदा दोन्ही जुळलं. मग कधीतरी ताडणं मागं पडलं. कधी, ते तिला आता काही केल्या आठवेना. मॅन्युअलच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ असते. हे पान अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतच्या विमानांसाठी. त्यापुढच्या विमानांसाठी वेगळं पान, कारण कारखान्यानं मध्ये काहीतरी बदललेलं असतं, पत्रा, पट्टी, एखादी कड. सरांच्या वेळी तीनच विमानं होती आणि तिन्ही एका जातीची. वहीत ती ओळ उतरवायची गरजच पडली नव्हती. पिशवीतून वही काढून तिनं त्या दुकानात उभ्या उभ्या पान उलटलं. पोचे, खोली, अंतर. आकडे सगळे जागच्या जागी. डोक्यावर कोरा कागद.

तिनं महांतेशला फोन लावला. लिमा कुठं आहे, एवढंच विचारलं. तो म्हणाला, वर. स्वप्नाली एकटीच घेऊन गेली आहे साडेनऊला, सांगलीच्या बाजूनं लांबचा फेरा आहे, बारापर्यंत येईल. का, काही काम होतं का, आज सुट्टी ना, घागर मिळाली का. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. बरं. दोन अक्षरं. स्कूटर चालू करताना तिला कळलं की तेवढ्या वेळात वेगळी दोन अक्षरं म्हणता आली असती. "बोलव." पण बोलवून काय सांगणार, आणि कशावरून? एका भांडेवाल्याच्या बोलण्यावरून? आधी पान बघू. पान बघितल्याशिवाय पोरीला आभाळात घाबरवायचं म्हणजे तिच्या हाताला कंप आणायचा, आणि कंपानं जास्त वाईट व्हायचं. ती बिंदू चौकातून वळली, राजारामपुरीच्या चढाला लागली आणि ही सगळी कारणं तिच्याबरोबर मागच्या सीटवर बसून येत राहिली. प्रत्येक कारण खरं होतं. प्रत्येकाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जिचं तोंड बघायला ती तयार नव्हती. लायसन. नऊ वर्षं. आजऱ्याची काजू कारखान्यातली बाई लेकीला विमानाचा इंजिनिअर करते म्हणून गावानं केलेला सत्कार, तो श्रीफळ-शालीचा फोटो, अजून घराच्या दारावर लावलेला.

विद्यापीठापाशी सिग्नलला थांबल्यावर तिनं वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं, धुतलेल्या परातीसारखं, आणि त्या स्वच्छपणाची तिला भीती वाटली. बारा दिवसांत लिमा एकतीस तास उडालं होतं. एकतीस तास काही झालं नाही. हा आकडा तिनं ताईत धरावा तसा घट्ट धरला, आणि मग तिच्यातल्याच कुणीतरी, आकाराम सरांच्या आवाजात, शांतपणे सांगितलं की पत्रा तासांनी थकतो, पोरी, आणि थकलेला पत्रा आधी सांगत नाही.

आईच्या बोटांना रेषा नाहीत. काजूच्या टरफलातला चीक बोटं खातो. आईनं, बाळाबाईंनी, वीस वर्षं कारखान्यात गर सोलले, निवडले. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. ओळखपत्राच्या यंत्रावर बोट ठेवलं की यंत्र म्हणतं, ही बाईच नाही. पण त्याच गुळगुळीत बोटांनी आई न बघता गर चाचपायची आणि आत चीर आहे की नाही ते सांगायची. संयोगिताचं बोट आईनं घडवलं. गर निवडताना बायका ओव्या म्हणायच्या, आणि लहानपणी पोत्यावर बसून ती त्या ऐकायची. आईची एक ओवी होती, तिनंच रचलेली, लेक शिकायला लागल्यावरची :

काजूच्या चिकानं गं, बोटं माझी करपली
लेकीच्या बोटाला बाई, आभाळाची साय लागली

महिन्याभरात ती ओवी सगळ्या खोलीची झाली. पलीकडच्या रांगेतल्या बनाबाई "चांदण्याची साय" म्हणायच्या, कुणी "दुधाची साय", कुणी लेकीच्या जागी लेक काढून भाचीला बसवायचं. छोटी संयोगिता चिडायची, खरी ओवी कोणती ते सांग म्हणून आईच्या मागं लागायची. आई हसायची. म्हणील तिचंच खरं बाळा, त्यात काय. तोंडातून तोंडात जाताना ओवीचं काही सांडलं तरी तिथं नवं काही भरून यायचं आणि कुणाचं वाईट व्हायचं नाही. वही उघडताना तिला तसंच वाटत आलं होतं, हे तिच्या आता लक्षात येत होतं. ओवीसारखी तिनं ती गुणगुणली होती, आकड्यांना ताल लावून. तीन मिलीमीटरला खोली, पंचवीसला अंतर. नट आवळताना ओठांवर.

हँगरात शिरली तेव्हा अकराला दहा कमी होते. लिमा उभं असतं त्या जागी फरशीवर तेलाचे दोन थेंब होते आणि चाकांच्या लाकडी अडण्या कडेला नीट लावून ठेवलेल्या. महांतेश चहाचा कप घेऊन आला, सुट्टीच्या दिवशी अक्का म्हणजे घरात भांडण दिसतंय, असं काहीतरी बोलला. ती सरळ संगणकापाशी गेली. संगणक जागा व्हायला वेळ लागला. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला. मग प्रकरण, मग पान. बारा दिवसांपूर्वी लॉगबुकात लिहिलेलं तेच पान. तिनं पहिल्यांदा आकड्यांकडं बघितलं नाही. डोकं वर करून ओळ वाचली. लिमाचा क्रमांक त्या ओळीत बसत नव्हता. अकरानं पुढं होता. पुढच्या विमानांसाठी त्याच्या पाठोपाठचं पान होतं, त्याच नावाचं, त्याच चित्राचं, आणि त्यावर खोलीचा आकडाच नव्हता. पंखाची पुढची कड, आतल्या आधाराच्या पट्टीपासून दोन इंचाच्या आत : पोचा चालत नाही. पुढच्या उड्डाणाआधी आतून तपासा. पोचा आतल्या पट्टीपासून सव्वा इंचावर होता. ते मोजायला तिला मोजपट्टी लागली नाही. बोटाला आठवत होतं.

महांतेश मागं उभा राहून वाचत होता. त्याचा चहा थांबला. मग तो अगदी हळू, समजूत काढावी तसं बोलू लागला. पाऊण तासात ती येतेच आहे. आली की लिमा आत घेऊ, दुपारच्या फेऱ्या दुसऱ्या विमानावर टाकू, पत्रा काढून नवा बसवू. लॉगबुकात पानाचा आकडा बरोबरच लिहिलेला आहे. पान तेच, विमानाचा क्रमांक तेवढा चुकला, आणि तो कोण बघायला जातंय. त्याच्या आवाजात खरी माया होती, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड होतं. तो जे बोलत होता ते सगळं तिनं स्कूटरवर स्वतःशी बोलून झालं होतं, अजून गोड शब्दांत. खिडकीतून विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, दिसत होती. वाऱ्यानं भरलेली, पलीकडच्या उसाकडं तोंड करून. वारा वाढला होता. वारा वाढला की शेपूट जास्त काम करते.

"टॉवरला सांग, लिमाला बोलवा," ती म्हणाली. "सरळ यायचं. हळू. झटका देऊन वळायचं न्हाय, खाली-वर करायचं न्हाय."

"कारण इचारतील, अक्का."

"सांग, माझी सही चुकीची हाय."

महांतेशनं तिच्याकडं बघितलं. मग फोन उचलला, आणि तेच शब्द जसेच्या तसे, काही कमी न करता सांगितले. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले तेव्हा कुणा अनोळखी बाईबद्दल बोलताहेत असं वाटलं. टॉवरवरच्या माणसानं पुन्हा विचारलं असावं. महांतेशनं पुन्हा सांगितलं.

मग वाट बघणं. ती धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. पलीकडं उसाला तुरे आले होते, आणि वाऱ्यानं सगळं रान एका अंगानं झुकत होतं, पुन्हा उठत होतं. तिला जाणवलं की आपण श्वास त्याच्याबरोबर घेतो आहोत. स्वप्नालीला पहिल्या दिवशी तिनं विमान दाखवलं होतं. पोरीनं पंखाला हात लावायच्या आधी चपला काढल्या होत्या. सगळे हसले होते. तिचे वडील पहाटे डेअरीला दूध घालून मोटारसायकलवर तिला इथं सोडायचे, आणि विमान वर जाईपर्यंत कुंपणाशी थांबायचे, बरोबर इथंच, जिथं आता संयोगिता उभी होती. त्यांनी तारेला धरून धरून एक जागा गुळगुळीत झाली होती. तिनं तिथं हात ठेवला, आणि लगेच काढला. दुकानात तिनं "बरं" म्हटलं तेव्हा तिच्या जागी ते उभे असते तर अर्धा तास असा घालवला असता? त्या अर्ध्या तासाचं काय करायचं? तो कुठल्या लॉगबुकात लिहायचा?

आवाज आधी आला. उन्हात एक ठिपका, मग रेघ, मग पंख. ती डोळ्यांनी शेपूट शोधत होती आणि एवढ्या लांबून शेपूट दिसत नव्हती. लिमा डोंगराच्या बाजूनं रुंद, सावकाश वळलं, डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाई वळते तसं, न हिंदकळता. खाली आलं. एकदा डुललं. संयोगिताचं मधलं बोट तारेत रुतलं. चाकं टेकली, धूर उठला, आणि विमान धावत धावत साधं झालं, रस्त्यावरच्या कुठल्याही वाहनासारखं.

स्वप्नाली उतरली ती रागानंच. चांगलं चाललं होतं, मध्येच का बोलावलं, हा फेरा आता मोजणार की नाही. मग दोघांचे चेहरे बघून तिचा आवाज उतरला. "शेपटीचं काय हाय का मॅडम?" तिनं विचारलं. "चार दिवस झालं, वळताना पायाला बारीक थरथर लागतीय. मला वाटलं माझाच पाय जड पडतोय. शिकवणारे सर वरडतील म्हणून बोललो न्हाय." संयोगितानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.  चार दिवस एक पोर स्वतःच्या पायाला दोष देत उडत होती.

आतली पट्टी बघायला एक झाकण उघडावं लागतं, तळव्याएवढं. महांतेशनं स्क्रू काढले, तिनं आरसा आणि दिवा आत घातला. आधी काही दिसलं नाही, नुसता हिरवट रंग आणि धूळ. तिनं दिवा तिरका धरला. पट्टीवर एका रिव्हेटापासून केसाएवढा तडा निघाला होता, काळा, सरळ. दुसऱ्या रिव्हेटाकडं चालला होता, आणि मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा उरली होती. तिनं आरसा महांतेशच्या हातात दिला. त्यानं बघितलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटला, देवाचं नाव असावं. स्वप्नालीनं बघायला मागितलं. तिला नको म्हणायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून संयोगितानं तिलाही दाखवलं. पोरगी खूप वेळ बघत राहिली. मग जाऊन कडेच्या बाकावर बसली आणि बाबांना फोन लावते म्हणाली, पण लावला नाही.

संयोगितानं लिमाच्या चालवायच्या दांड्याला लाल पट्टी बांधली, कुणी उडवू नये म्हणून. लॉगबुक उघडून लिहिलं : चुकीच्या पानावरून सही केली. पान उघडलं नव्हतं. तारीख, वेळ. साडेदहाला शंका आली, अकरापर्यंत कुणाला सांगितलं नाही. ही शेवटची ओळ कुणी मागितली नव्हती. खाली सही केली. वरिष्ठांना फोन केला, ते संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले, आवाजात अजून राग नव्हता, तो वाटेत असावा. मग तिनं पिशवीतून हिरवी वही काढली आणि टेबलावर ठेवली. हिचं काय करायचं ते तेच ठरवतील, असं ती म्हणाली.

महांतेश वहीकडं बघत उभा होता. लिमा खाली आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं होतं, ते पुन्हा गेलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला, काहीतरी शोधलं, आणि तिच्यापुढं धरला. पडद्यावर आकाराम सरांचं बारीक अक्षर होतं. पोचे, खोली, अंतर. डोक्यावर कोरा कागद.

"दिवाळीत काढल्यालो फोटो," तो म्हणाला. "सगळ्या पानांचं. तुमची वही लई भारी हाय म्हणून. आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकलो."

"किती जण हायत त्यात?"

"धा-बारा. दुसऱ्या गावांस्नी हायत सगळी. त्यांनी फुडं कुणाला धाडलं आसंल तर..." त्यानं मोबाईलवरच्या नावांवरून बोट फिरवलं. "ग्रुपातल्या राजवीरकडं ह्याच जातीची नवी दोन इमानं आल्यात, अक्का. परवाच म्हणत होता, वही लई उपयोगी पडतीया."

बाहेर दुपार भरून आली होती. हँगराच्या पत्र्यावर वाऱ्यानं कुठला तरी सुटलेला खिळा टिकटिकत होता. संयोगिताला काजू कारखान्याची ती लांब खोली दिसली. एका रांगेत सुरू झालेली ओवी दुसऱ्या रांगेत जाते आहे, तिसऱ्या, दाराबाहेर, पाणवठ्याला, दुसऱ्या गावाच्या एसटीत. आई मान खाली घालून गर चाचपते आहे आणि हसते आहे. कुणाच्या तोंडी आता ती काय झाली असेल, कुणी सांगावं.

तिनं महांतेशकडून राजवीरचा नंबर घेतला आणि लावला. रिंग वाजत राहिली. लहानपणापासून तिचा आवाज बारीक; ओवीतसुद्धा तो इतर बायकांच्या आवाजाखाली बुडायचा. पलीकडं फोन उचलला गेला, पण आधी माणूस ऐकू आला नाही. आधी इंजिन आलं, चढत चाललेलं, कान भरून टाकणारं, आणि त्याच्या मागून, लांबून, राजवीरचा हसरा आवाज.

"कोण? जरा मोठ्यानं बोला की. विमान निघालंय, काय ऐकू येत न्हाय."

तिनं तोंड उघडलं.